घड्याळाचा अंमल : मायक्रोकर्नल आणि टायमर या विषयावरील ग्रंथाची प्रस्तावना

संगणकाच्या अंतरंगात जी लहानमोठी यंत्रे आपापली कामे बिनबोभाट करीत असतात, त्यांत टायमराइतके अबोल आणि उपेक्षित दुसरे नसेल. एका स्फटिकाची स्पंदने मोजावीत आणि नेमून दिलेला आकडा गाठला की प्रोसेसरला हाक द्यावी, एवढीच त्याची कामगिरी. परंतु ही हाक ज्याच्या कानी पडते त्याच्या हाती अवघ्या यंत्राचा अंमल येतो, कारण चालत्या प्रोग्रामला मध्येच थांबविणे, ताटकळलेल्याला पाळी देणे, उत्तर न देणाऱ्या नेटवर्कची वाट कोठवर पाहावयाची हे ठरविणे, ही सर्व कामे अखेर त्या एका हाकेच्या आधारे होतात. यामुळेच ऑपरेटिंग सिस्टिमच्या रचनाकारांनी टायमर नेहमी कर्नलच्या मुठीत ठेवला, आणि सामान्य प्रोग्रामला काही काळाने जागे व्हावयाचे असेल तर त्याने कर्नलकडे रीतसर अर्ज करावा, अशी वहिवाट पाडली. मायक्रोकर्नलच्या पंथाने या वहिवाटीलाच हरकत घेतली. ती हरकत कितपत टिकली, कोठे फसली आणि सांप्रत तिला काय रूप आले आहे, याची मीमांसा करणारा ग्रंथ मराठीत सिद्ध होत आहे, ही गोष्ट मला विशेष संतोषाची वाटते.

नवख्या वाचकाने प्रथम हे ध्यानात घ्यावे की, ज्याला आपण संगणकाचे घड्याळ म्हणतो ते एक नसते. १९८१ सालच्या आयबीएम पीसीमध्ये इंटेलची ८२५३ ही चिप होती. तिला सेकंदाला सुमारे ११ लाख ९३ हजार ठोके मिळत, आणि हा चमत्कारिक आकडा अमेरिकन रंगीत दूरचित्रवाणीच्या वारंवारितेपासून निघालेला होता, कारण एकाच स्फटिकाचे भाग पाडून प्रोसेसर, चित्र आणि टायमर या तिघांचीही गरज भागविण्याची काटकसर त्या यंत्राच्या कर्त्यांनी केली होती. त्या चिपमधील १६ बिटांचा गणक पूर्ण फेरी घेऊ दिला की सेकंदाला १८.२ हाका येत, आणि कित्येक वर्षे जगातील असंख्य यंत्रांची कालगणना या अपूर्णांकावर सुखेनैव चालली. मनगटी घड्याळात असतो तसा ३२,७६८ स्पंदनांचा स्फटिक तारीखवेळ सांभाळण्यासाठी नंतर निराळा आला. पुढे प्रत्येक प्रोसेसरला स्वतःचा स्थानिक टायमर आला. १९९३ च्या पेंटियमपासून प्रोसेसरची स्पंदने एका सूचनेसरशी वाचण्याची सोय झाली. एआरएम आणि रिस्क-फाइव्ह या घराण्यांनी तर कालगणक हा आपल्या रचनेचाच एक मूलभूत अवयव मानला. एखाद्या साध्या बोर्डावरसुद्धा आज पाचसात टायमर सहज आढळतात. मग प्रश्न असा उभा राहतो की, त्यांतील एक कर्नलने आपल्या कारभारासाठी राखून ठेवल्यावर उरलेल्यांवर हक्क कोणाचा?

या प्रश्नाची चर्चा बहुधा गोंधळाची होते, आणि गोंधळाचे कारण असे की, तीन भिन्न हक्क एकाच नावाखाली दडपले जातात. वेळ वाचणे हा एक हक्क. अमुक क्षणी गजर व्हावा अशी तजवीज करणे हा दुसरा. आणि गजर झाला असता आपल्यालाच, तोही ताबडतोब, प्रोसेसर मिळावा हा तिसरा. पहिला बहुतांशी निरुपद्रवी, दुसऱ्याला थोडा बंदोबस्त हवा, आणि तिसरा म्हणजे प्रत्यक्ष सत्तेतील वाटा. वापरकर्त्याच्या प्रांतातून, म्हणजेच यूजर स्पेसमधून, टायमर हाताळावयाचा असे कोणी म्हटले की त्यास यांपैकी कोणता हक्क अभिप्रेत आहे हे आधी विचारावे. निम्मे वाद तेथेच मिटतात.

मायक्रोकर्नलच्या विचाराचा उगम पेर ब्रिंक हॅन्सन यांनी डेन्मार्कमध्ये १९६९ च्या सुमारास आरसी ४००० या यंत्रासाठी रचलेल्या गाभ्यात सापडतो. गाभ्याने केवळ प्रक्रिया चालवाव्यात आणि त्यांच्यात निरोपांची देवघेव घडवावी, बाकी धोरण बाहेर ठरावे, हे सूत्र त्यांनी तेव्हाच घालून दिले होते. ऐंशीच्या दशकात कार्नेगी मेलन विद्यापीठातील माक या प्रकल्पाने त्यास प्रतिष्ठा दिली, आणि त्याच प्रकल्पाच्या संथपणाने त्याची अप्रतिष्ठाही केली. कॅनडातील क्यूएनएक्सने औद्योगिक यंत्रांत आपला जम बसविला. १९८७ साली अँड्र्यू टॅनेनबाम यांनी मिनिक्स विद्यार्थ्यांच्या हाती दिली. परंतु पंथाला खरी संजीवनी मिळाली ती जर्मनीतील योखेन लीट्के यांच्याकडून. माकला एक लहानसा निरोप पोचविण्यास ५० मेगाहर्ट्झच्या ४८६ प्रोसेसरवर सुमारे ११५ मायक्रोसेकंद लागत, तेथे लीट्के यांच्या एल-४ने ते काम सुमारे ५ मायक्रोसेकंदांत करून दाखविले, आणि १९९५ साली त्यांनी असा कडक दंडक मांडला की, एखादी गोष्ट बाहेर ठेवल्याने आवश्यक कार्यच अशक्य होत असेल तरच ती गाभ्यात राहू द्यावी. टायमराची गंमत अशी की, हा दंडक लावला असता तो अर्धा आत आणि अर्धा बाहेर पडतो. पाळ्या लावण्यासाठी गाभ्याला एक हाक हवीच; इतर सर्व गजर मात्र बाहेर जाऊ शकतात.

येथे महाराष्ट्राचा, किंबहुना वऱ्हाडाचा संबंध येतो. अकोला जिल्ह्यात, मूर्तिजापूर तालुक्यात मुरंबा नावाचे गाव आहे. आमच्या भातकुलीहून बडनेऱ्यास यावे आणि रेल्वेने पश्चिमेकडे निघावे की त्या मुलखात पोचायला फार वेळ लागत नाही. या गावी १९४६ साली जन्मलेले विजय भटकर नागपूरच्या विश्वेश्वरय्या महाविद्यालयातून अभियंता होऊन बाहेर पडले, आणि १९८८ साली पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली तेव्हा तिची धुरा त्यांच्याकडे आली. १९९१ साली पुण्याने परम ८००० हा महासंगणक देशापुढे ठेवला. त्याची कहाणी आपल्याकडे नेहमी स्वाभिमानाची म्हणून सांगितली जाते: परक्यांनी यंत्र नाकारले, आपण बनविले. ते यथार्थच आहे. परंतु त्या यंत्राच्या पोटात टायमराविषयी जो एक विलक्षण विचार होता त्याकडे कोणाचे फारसे लक्ष गेलेले नाही, आणि माझ्या मते प्रस्तुत विषयाच्या जिज्ञासूने आरंभ तेथूनच करावा.

परम ८००० मध्ये ब्रिस्टलच्या इन्मॉस कंपनीचे टी-८०० हे ट्रान्सप्युटर होते. सामान्य प्रोसेसरवर जे काम कर्नल करतो, म्हणजे एका प्रक्रियेला बाजूस सारून दुसरीला पुढे आणणे, ते ट्रान्सप्युटरमध्ये चिपच्याच सूक्ष्मसूचना करीत. त्यात दोन कालगणक होते: उच्च प्राधान्याच्या प्रक्रियांसाठी दर मायक्रोसेकंदास सरकणारा एक, आणि निम्न प्राधान्याच्या प्रक्रियांसाठी दर ६४ मायक्रोसेकंदांस सरकणारा दुसरा. कोणत्याही प्रक्रियेने एका सूचनेने वेळ वाचावी. दुसऱ्या सूचनेने अमुक वेळेपर्यंत स्वस्थ व्हावे. चिप तिला स्वतःच्या टायमर-रांगेत वेळेच्या क्रमाने बसवी आणि तो क्षण येताच उठवी. मध्ये कर्नल नाही, अर्ज नाही, दप्तर नाही. टोनी होअर यांनी १९७८ साली मांडलेल्या संवादी प्रक्रियांच्या सिद्धान्तावर डेव्हिड मे यांनी ऑकम ही भाषा उभारली, आणि तीत टायमर हा पूर्णांकासारखाच एक मूळ प्रकार होता. वाहिनीतून निरोप घ्यावा त्याच खुणेने घड्याळातून वेळ घ्यावयाची. इतकेच नव्हे, तर ३२ बिटांचा तो जलद गणक साडेएकाहत्तर मिनिटांत आणि मंद गणक सुमारे ७६ तासांत फेरी पुरी करून पुन्हा मागे वळतो हे जाणून, ‘यानंतर’ या अर्थाची तुलना भाषेतच चक्रीय गणिताने करून ठेवली होती, जेणेकरून अर्ध्या फेरीहून लहान असलेले कोणतेही अंतर फेरी पालटतानाही बिनचूक मोजले जाई. पुढे विंडोज ९५ सारखी बलाढ्य प्रणाली ३२ बिटांचा मिलिसेकंद-गणक भरल्यामुळे ४९.७ दिवसांनी निपचित पडू लागली, तेव्हा हा साधा विवेक किती मोलाचा होता हे ज्यांना समजायचे त्यांना समजले.

मात्र या स्वातंत्र्याचे गुणगान करताना त्याची किंमतही सांगितली पाहिजे. टी-८०० मध्ये स्मृतीचे संरक्षण नव्हते. कोणतीही प्रक्रिया कोणाच्याही स्मृतीत हात घालू शके, आणि उच्च प्राधान्याची प्रक्रिया स्वतःहून थांबेपर्यंत तिला हटकणारे कोणी नव्हते. एकाच संशोधकाचे एकच गणित चालविणाऱ्या महासंगणकात हे चालते. ज्या यंत्रात परस्परांवर विश्वास नसलेले प्रोग्राम एकत्र नांदतात तेथे ते चालत नाही. तेव्हा गेल्या तीस वर्षांतील मायक्रोकर्नलच्या प्रयत्नांकडे मी असे पाहतो की, ट्रान्सप्युटरने जे भोळ्या विश्वासावर फुकट दिले होते तेच, तेवढ्याच सुलभतेने, परंतु अविश्वासाच्या जगात कसे द्यावे, याचा हा शोध आहे.

या शोधाचे सर्वांत परिपक्व फळ म्हणजे सिडनीत घडलेला सेल-४ हा गाभा. एल-४च्या घराण्यातील या गाभ्याच्या सुमारे ८,७०० ओळींच्या सी भाषेतील संहितेची निर्दोषता गणितज्ञासही मान्य व्हावी इतक्या काटेकोरपणे २००९ साली सिद्ध केली गेली, आणि २०१४ साली तो सर्वांस खुला झाला. मूळ एल-४मध्ये प्रत्येक निरोपाबरोबर मुदत लिहिण्याची सोय होती. अनुभवांती असे दिसले की, लोक एक तर शून्य मुदत लिहितात किंवा अनंत. मधला आकडा कोणता लिहावा हे कोणालाच सांगता येत नाही. म्हणून सेल-४ने मुदतींची ही पद्धत काढूनच टाकली. परिणामी ज्याला ठरावीक काळाने जागे व्हावयाचे आहे त्याला कर्नलबाहेरचा टायमर वापरल्यावाचून गत्यंतर उरले नाही, आणि जो विषय एरवी विद्वानांच्या परिषदेपुरता राहिला असता तो प्रत्येक नवशिक्याच्या पहिल्या आठवड्यातील अडचण होऊन बसला.

हा व्यवहार प्रत्यक्षात कसा होतो ते थोडे जवळून पाहण्याजोगे आहे. सेल-४मध्ये कोणतीही वस्तू हाताळण्यास तिची सनद, म्हणजे कॅपॅबिलिटी, लागते. जुन्या वऱ्हाडात गावचे दप्तर पटवाऱ्याकडे असे आणि अमरावतीच्या कमिशनरला प्रत्येक शेताची मोजणी करावी लागत नसे. परंतु पटवाऱ्याचा अधिकार त्याच्या गावापुरताच, आणि तोही वरून मिळालेला. कर्नल येथे तसाच वागतो. झिंक ७००० या चिपवरील तीन गणकांचा टायमर घ्या. त्याच्या नोंदवह्या (रजिस्टर) एफ८००१००० या षोडशमान पत्त्यापासून सुरू होतात. तेथील ४,०९६ बाइटांच्या पानाची सनद टायमर चालविणाऱ्या प्रोग्रामला मिळाली की ते पान तो आपल्या स्मृतीत जोडून घेतो आणि एखाद्या चलाप्रमाणे गणक वाचू-लिहू लागतो. कर्नल पुन्हा मध्ये येत नाही. राहिली हाक. त्यासाठी ४२ क्रमांकाच्या इंटरप्टची वेगळी सनद. ती एका सूचना-वस्तूशी जोडावयाची, आणि त्या वस्तूवर प्रोग्रामने वाट पाहत बसावयाचे. हाक येताच कर्नल तो इंटरप्ट तात्पुरता बंद करतो, सूचना देतो आणि बाजूला होतो. प्रोग्रामने पोच दिल्याखेरीज तो पुन्हा उघडत नाही. येथे क्रमाला फार महत्त्व आहे: आधी टायमराची इंटरप्ट-नोंदवही वाचावी, कारण वाचताच ती कोरी होते, आणि मग कर्नलला पोच द्यावी. उलट केले तर तीच जुनी हाक तत्काळ पुन्हा येते. पोच द्यायची विसरले तर पहिल्या गजरानंतर कायमची शांतता पसरते, आणि नवशिका टायमर बिघडला असे समजून बोर्ड बदलायला निघतो.

याच उदाहरणात एक खोच आहे. त्या चिपवरील तिन्ही गणकांच्या नोंदवह्या एकमेकांत गुंफलेल्या आहेत: पहिल्याची, दुसऱ्याची, तिसऱ्याची, अशा चार-चार बाइटांवर लागोपाठ. संरक्षणाची सीमा मात्र पूर्ण पानाची. तेव्हा एक गणक एकाला आणि दुसरा दुसऱ्याला अशी वाटणी करणे अशक्य; ज्याला पान मिळाले त्याला तिन्ही मिळाले. म्हणून एका विश्वासू सेवकाकडे ते पान द्यावे आणि इतरांनी त्याच्याकडे गजर मागावेत, असाच मार्ग उरतो. हार्डवेअर घडविणाऱ्यांनी सनदांचा विचार न करता जे नकाशे आखले, त्यांचे ओझे सॉफ्टवेअरला असे वाहावे लागते. त्यातल्या त्यात बरे एवढेच की, टायमर स्वतः स्मृतीत काही लिहीत नाही. डिस्क किंवा नेटवर्कचे कार्ड एखाद्या बिघडलेल्या चालकाच्या (ड्रायव्हरच्या) हातून जो अनर्थ घडवू शकते तो टायमराकडून संभवत नाही. कर्नलबाहेर चालक लिहिण्याचा पहिला धडा टायमरावरच द्यावा, हे ग्रंथकाराचे मत मला म्हणूनच पटते.

वेगवेगळ्या संप्रदायांनी या प्रश्नाची उत्तरे वेगवेगळी दिली. मिनिक्सने पुढे इतर सर्व चालक बाहेर काढूनही घड्याळ गाभ्यातच ठेवले. क्यूएनएक्सही त्याच बाजूचा. ड्रेस्डेनच्या जिनोडने टायमर हा बाहेरचा एक घटक मानून त्याच्याशी सत्र बांधण्याची शिस्त घातली. तिसरा संप्रदाय हार्डवेअरवाल्यांचा: वेळ वाचण्याची सूचना सरळ वापरकर्त्याला खुली करावी आणि ती बंद करण्याचा एक बिट कर्नलकडे ठेवावा. पेंटियम, एआरएम आणि रिस्क-फाइव्ह या तिघांनीही हेच केले आहे, आणि वाचण्याच्या हक्कापुरते यापेक्षा स्वस्त उत्तर असूच शकत नाही. सेवकामार्फत गजर मागावयाचा तर हाक कर्नलला, कर्नलकडून सेवकाला, सेवकाकडून मागणाऱ्याला, असे हेलपाटे होतात. केवळ वेळ पाहण्यासाठी इतका खर्च करणे हा शुद्ध अपव्यय होय. चौथा विचार सर्वांत नवा. २०१८ साली ॲना लायन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रोसेसरचा वेळ हीच सनदेची वस्तू करण्याची योजना मांडली: अमुक कालखंडात अमुक मायक्रोसेकंद, असा ठराव ज्याच्याजवळ असेल त्यानेच चालावे, आणि वाटा संपला की थांबावे. मी वर ज्याला तिसरा हक्क म्हटले त्याचा प्रामाणिक हिशेब येथे झाला. गजर मिळाला तरी प्रोसेसर मिळेलच असे नाही, ही जुनी तक्रार या योजनेने मुळापासून निकालात निघते असे माझे मत आहे. ग्रंथकार याबाबत माझ्याहून सावध आहेत.

हा विषय आज निकडीचा झाला तो एका अनपेक्षित दिशेने. बटलर लॅम्पसन यांनी १९७३ सालीच इशारा दिला होता की, दोन प्रोग्रामांतील सर्व उघड मार्ग बंद केले तरी छुपे मार्ग उरतात, आणि वेळ हा त्यांपैकी एक. जानेवारी २०१८ मध्ये स्पेक्टर आणि मेल्टडाउन यांचा गौप्यस्फोट झाला तेव्हा हा इशारा साऱ्या जगाला ऐकू आला. स्मृतीतील एखादी ओळ कॅशमध्ये आहे की नाही हे ती वाचण्यास लागलेल्या वेळावरून ओळखता येते, आणि तेवढ्यावरून दुसऱ्याचे गुपित अक्षराअक्षराने उकलता येते. त्यासाठी हल्लेखोराला हवे असते ते फक्त एक सूक्ष्म घड्याळ. ब्राउझरांनी घाईघाईने आपली घड्याळे मुद्दाम बोथट केली. ज्या वाचण्याच्या हक्काला मी बहुतांशी निरुपद्रवी म्हटले, त्यातील ‘बहुतांशी’ या शब्दाचे मर्म येथे आहे. तथापि घड्याळ काढून घेणे हा उपाय मला वरवरचा वाटतो; कारण दोन प्रक्रिया मिळून, एकीने अखंड आकडे मोजत राहून आणि दुसरीने ते वाचून, स्वतःचे घड्याळ केव्हाही तयार करू शकतात. सिडनीच्याच संशोधकांनी २०१९ साली सुचविलेला मार्ग, म्हणजे स्मृतीप्रमाणे कालाचेही संरक्षण करणे, पाळी बदलताना मागल्याच्या खुणा पुसणे आणि बदलास नेहमी सारखाच वेळ लावणे, हा अधिक खोलवर जाणारा आहे, जरी तो अधिक महाग आहे.

आपल्या देशापुरते बोलायचे तर मद्रासच्या आयआयटीत शक्ती आणि सी-डॅकमध्ये वेगा हे रिस्क-फाइव्ह प्रोसेसर घडले आहेत. प्रोसेसर आपला म्हणजे टायमराच्या नोंदवह्यांचा नकाशाही आपल्या हाती. प्रत्येक गणकाला स्वतंत्र पान देण्यास सिलिकॉनमध्ये नगण्य खर्च येतो, आणि वर सांगितलेली झिंकची अडचण जन्मालाच येत नाही. परम ८०००च्या वेळी आपण परक्या चिपमधील सुंदर विचार वापरला. या वेळी विचारही आपला असू शकतो, आणि तो चिपचे आराखडे पक्के होण्याआधी ऐकला जावा म्हणून ऑपरेटिंग सिस्टिमच्या लोकांनी चिपवाल्यांच्या दारात जाऊन बसण्याची गरज आहे. आज ते घडताना मला फारसे दिसत नाही.

प्रस्तुत ग्रंथ कोणत्याही एका प्रणालीची हस्तपुस्तिका नाही. घड्याळ वाचणे, गजर लावणे आणि पाळी मिळणे यांचे धागे निरनिराळ्या प्रणालींत कसे विणले गेले ते दाखवून, वाचकाने स्वतः एक टायमर-सेवक लिहावा इथपर्यंत त्यास आणून सोडणे हा त्याचा हेतू आहे. सी भाषेचे बऱ्यापैकी ज्ञान आणि पॉइंटरविषयी निर्भयता एवढेच भांडवल त्याने गृहीत धरले आहे. गणित जवळजवळ नाही. जेथे आहे, म्हणजे कालखंडांचे वाटे बसतात की नाही हे तपासण्याच्या ठिकाणी, तेथे ते बेरजेच्या पलीकडे जात नाही. माझी एकच तक्रार आहे: एकाच यंत्रात अनेक प्रोसेसर असता त्यांच्या घड्याळांचा मेळ कसा घालावा या प्रश्नाला ग्रंथकाराने दिलेली जागा अपुरी आहे, आणि प्रत्यक्ष कामात अभियंत्याचा अर्धा वेळ त्यातच जातो. दुसऱ्या आवृत्तीत त्यांनी ही उणीव भरून काढावी.

अमरावती-अकोल्याच्या महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांजवळ झिंकचा बोर्ड असेलच असे नाही, याची जाणीव ठेवून ग्रंथातील बहुतेक प्रयोग क्यूईएमयू या एम्युलेटरवर चालतील असे रचले आहेत. साधा लॅपटॉप पुरतो. तेथे एक सावधगिरी बाळगावी. एम्युलेटरमधील टायमर हाही एक प्रोग्रामच असतो आणि यजमान यंत्र दुसऱ्या कामात गुंतले की त्याची हाक उशिरा येते; त्यामुळे चालक बरोबर लिहिला आहे की नाही हे तेथे तपासता येते, तो किती जलद आहे हे तपासता येत नाही. विलंबाचे आकडे नोंदवावयाचे असतील तर ते बोर्डावरच घ्यावेत, आणि बोर्ड मिळेपर्यंत तो रकाना कोरा ठेवावा.

भातकुली, जि. अमरावती